प्रीमियम मद्याचा ब्रँड तरुण गिऱ्हाइकापर्यंत कसा न्यायचा? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मद्यविक्रीच्या धंद्यात ब्रँडचं काम करताना बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातले वाईन शॉपवाले, बार चालवणारे आणि कंपन्यांचे सेल्समन मला हे प्रश्न सतत विचारतात. जुना, नावाजलेला, वरच्या किमतीचा ब्रँड असतो. पन्नाशीतला माणूस तो अजून मागतो, तिशीतला मागत नाही. त्यावर काय करता येईल, आणि काय अजिबात करू नये, ते इथं लिहिलं आहे.

‘तरुण’ म्हणजे नेमकं कोण?

कर्नाटकात दारू विकत घ्यायचं वय २१ आहे. जानेवारी २०२३ मध्ये ते १८ वर आणायचा मसुदा निघाला होता, विरोध झाला आणि सरकारनं तो मागं घेतला. गोव्यात वय १८. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाईनला २१, बाकी मद्याला २५. बेळगावातून गाडी काढली तर शिनोळीला (महाराष्ट्रात) एक कायदा, चोर्ल्याच्या पलीकडं (गोव्यात) दुसरा, त्यामुळं “अमुक ठिकाणी चालतं” हे वाक्य आपल्याकडं फार ऐकू येतं. ते कानाआड करा.

माझ्यासाठी तरुण गिऱ्हाईक म्हणजे २५ ते ३५ वयाचा कमावता माणूस. उद्यमबागेतल्या फौंड्रीतला सुपरवायझर, साखर कारखान्यातला केमिस्ट, निपाणीत वडिलांचा तंबाखूचा व्यापार बघणारा मुलगा, पुण्या-बंगळुरात नोकरी करून गणपती-दिवाळीला घरी येणारी जोडपी. २१ ते २५ मधल्यांना विकायला कायद्याची हरकत नाही, पण त्यांना डोळ्यासमोर ठेवून काही आखू नये. आखणी त्यांच्यासाठी केली की तिचे शिंतोडे त्यांच्या धाकट्या भावंडांवर उडतात.

जुना चांगला ब्रँड या पोरांना नको का वाटतो? माल तर तोच आहे.

माल तोच आहे, आणि बहुतेक वेळा त्यांची मालाबद्दल तक्रारही नसते. अडचण आहे ती त्या बाटलीभोवतीच्या चित्राची. आपल्याकडं ते चित्र फार ठळक आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, आणि आसपासच्या कितीतरी गावांत निवृत्त फौजी. त्यामुळं घरातल्या कपाटात लष्करी कॅन्टीनची बाटली, कुलूप, किल्ली काकांच्या खिशात, पाहुणे आले की स्टीलच्या पेल्यात साठ-साठ, सोबत फरसाण आणि रात्री उशिरापर्यंत चालणारी पुरुषांची बैठक. पोरानं लहानपणापासून ब्रँड पाहिला तो असा. त्याला त्या काकांबद्दल मायाच असते, पण स्वतःच्या संध्याकाळी तो काका होऊ इच्छित नाही.

त्याची संध्याकाळ वेगळी असते. मित्रमैत्रिणी एकत्र असतात, जेवण आधी आणि पिणं त्याच्या जोडीला असतं, साडेदहाला घरी परतायचं असतं, दुसऱ्या दिवशी पहिली पाळी असते. त्याला हळूहळू संपणारा, गार, उंच ग्लास हवा असतो. गोव्यात जाऊन त्यानं जिन आणि टॉनिक प्यालेलं असतं. ‘ग्रेटर दॅन’ २०१७ मध्ये आली, ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ २०१८ मध्ये. म्हणजे भारतीय जिनचा हा सगळा प्रकार अगदी अलीकडचा आहे, तरी या जिननं गिऱ्हाइकाच्या मनात जागा केली, कारण तिनं पहिल्या दिवसापासून एक ठरलेला ग्लास, एक ठरलेली वेळ दाखवली. आपल्या जुन्या व्हिस्कीनं, रमनं, ब्रँडीनं असं काही दाखवलंच नाही.

भर म्हणून बारमध्ये काय होतं पाहा. प्रीमियम बाटली सर्वांत वरच्या फळीवर, मानेवर धूळ. गिऱ्हाईक विचारतं, “चांगलं काय आहे?” कॅप्टन, म्हणजे ऑर्डर घेणारा मुख्य वेटर, त्याच चार नावांची यादी म्हणतो, ज्यांच्यावर त्या महिन्यात कंपनीची स्कीम (सवलत) चालू आहे. वरच्या फळीपर्यंत त्याची नजरही जात नाही.

मग नाव, लेबल, बाटली बदलून टाकावी का?

घाईनं नको. मद्याचं लेबल हा निव्वळ कागद नसतो, प्रत्येक राज्यात त्याची अबकारी खात्याकडं नोंद लागते. बिरा बिअरच्या कंपनीचं उदाहरण सर्वांसमोर आहे: कंपनीच्या नावातला ‘प्रायव्हेट’ हा शब्द गेला, तेवढ्यावरून राज्याराज्यांत लेबलं नव्यानं नोंदवावी लागली आणि महिनोन्महिने विक्री अडकून पडली. तरुणांचा लाडका ब्रँड होता, तरी दुकानात माल नसल्यावर तरुण थांबले नाहीत.

दुसरी गोष्ट चवीची आणि नजरेची. भडक रंग, तिरकी अक्षरं, ‘कूल’ शब्दांची गर्दी असं लेबल केलं की तरुणाला लगेच कळतं की कुणीतरी आपल्यासारखं बोलायचा प्रयत्न करतंय. जुन्या लेबलातली चांगली खूण, मग तो शिक्का असेल, सही असेल, बाटलीचा खांदा असेल, ती ठेवा. गर्दी काढा. मागच्या बाजूला माल कशापासून, कुठं, कसा बनला ते साध्या वाक्यांत लिहा. बस.

मग बदलायचं काय?

प्रसंग बदलायचा. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

इटलीतलं अपेरोल पाहा. १९१९ साली पाडुआ शहरात सुरू झालेलं संत्र्याच्या चवीचं, ११ टक्क्यांचं कडवट-गोड मद्य. कित्येक दशकं ते उत्तर इटलीपुरतंच माहीत होतं. २००३ मध्ये ते कंपारी कंपनीकडं आलं आणि कंपारीनं सगळी ताकद एका पेयामागं लावली: तीन भाग प्रोसेको (इटलीची फेसाळ वाईन), दोन भाग अपेरोल, एक भाग सोडा, मोठा ग्लास, बर्फ, संत्र्याची फोड, जेवणाआधीची संध्याकाळ. मद्य तेच राहिलं. लोकांना ते कधी आणि कसं प्यायचं हे कळलं, आणि आज तो नारिंगी ग्लास जगभरच्या टेबलांवर दिसतो.

उलट दिशेचं उदाहरण येगरमायस्टरचं. जेवणानंतर वयस्कांनी घोटभर घ्यायचं हे जर्मन काढ्यासारखं मद्य सिडनी फ्रँक या आयातदारानं १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या तरुणांत नेलं, पण ते गटागट शॉट्सच्या वाटेनं. खप प्रचंड वाढला. तरीही ती वाट आपण धरू नये असं माझं ठाम मत आहे. जे पेय एका घोटात संपवायचं असतं, त्याची चव कुणी लक्षात ठेवत नाही, आणि माणसाचं नुकसान होतं ते वेगळंच.

आता आपल्या मातीतलं बोलू. भारतीय व्हिस्की-रम साधारण ४२.८ टक्क्यांची असते. साठ मिलीत १२० मिली पाणी घातलं तर ग्लासातलं प्रमाण चौदा टक्क्यांच्या पुढं राहतं. तीसच मिली घेऊन १५० मिली गार सोडा घातला तर ते सातवर येतं. ग्लास तेवढाच भरलेला, वेळ तेवढाच जातो, अल्कोहोल निम्मं. तुलनेसाठी सांगतो: ६५० मिलीच्या सात टक्क्यांच्या एका स्ट्राँग बिअरच्या बाटलीत अशा साडेतीन ग्लासांइतकं अल्कोहोल असतं. तरुण गिऱ्हाईक हा हिशेब करतं, व्यायामशाळेत जाणारं तर नक्कीच करतं.

बारवाल्यांना मी एक ग्लास करून दाखवतो. उंच ग्लास काठोकाठ बर्फानं भरायचा. फोडलेला चुरा नको, मोठे खडे हवेत, चुरा दोन मिनिटांत पाणी होतो आणि सगळं बेचव करतो. तीस मिली रम, दोन चमचे गोड कोकमाचा पाक, लिंबाची एक फोड पिळून, चिमटीभर काळं मीठ, वरून फ्रिजमधला सोडा हळू ओतायचा, चमचा एकदाच तळापासून वर आणायचा. जांभळट-लाल रंग वर चढतो तेव्हा शेजारच्या टेबलावरून विचारणा होतेच. कोकम खानापूर-चोर्ल्याच्या वाटेवर मिळतं, महाग नाही, आणि हीच चव मद्य न घालताही देता येते. टेबलावरच्या न पिणाऱ्या माणसाला त्याच उंच ग्लासात तेच पेय मद्याविना द्या. त्याला वेगळं पाडू नका.

हुर्राकचं पाहा. मार्च ते मेच्या हंगामात काजूच्या पहिल्या धारेचं ते पेय लिंबाचा सोडा, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून आपली पोरं गोव्यात आवडीनं घेतात. कुठल्याही जाहिरात कंपनीनं त्यांना ते शिकवलेलं नाही. एक हंगाम आणि एक ठरलेली रीत एवढ्यावर ते चालतं.

यात जुनं गिऱ्हाईक तुटणार नाही का?

चव आणि नाव तसंच ठेवलं तर नाही. साठ मिली आणि पाणी घेणाऱ्याला ते मिळत राहतं. तुटतं कधी, तर मूळ मालाचा दर्जा गुपचूप उतरवला की. जुनी जिभ ते पहिल्याच घोटात ओळखते आणि सगळ्या गावाला सांगते.

तरुणांसाठी किंमत कमी करावी का?

बाटलीची नको. कर्नाटकात माल कंपनीकडून थेट दुकानात येत नाही. २००३ पासून राज्याच्या बेव्हरेजेस महामंडळाच्या डेपोतूनच येतो आणि कर स्लॅबप्रमाणे लागतो. २०२४ मध्ये स्लॅब १८ वरून १६ झाले आणि वरच्या मालाचे दर शेजारी राज्यांच्या जवळ आले. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रानं भारतात बनलेल्या विदेशी मद्यावरचं (लिटरमागं २६० रुपयांपर्यंत निर्मिती खर्चाच्या मालावरचं) उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. थोडक्यात, कागल-निपाणी आणि शिनोळी-बेळगाव या दोन्ही वाटांवर किमतीची तुलना रोज होते आणि त्यातला बराच भाग आपल्या हातात नसतो. गोव्याच्या दराशी स्पर्धा तर करूच नका.

हातात काय आहे, तर पहिल्या चाखण्याची किंमत. सत्तावीस वर्षांचा माणूस ७५० मिलीची महाग बाटली आवडेल की नाही याची खात्री नसताना घेत नाही. त्याच्यासाठी काचेची १८० मिलीची बाटली ठेवा. काही कंपन्यांना वाटतं की क्वार्टर आणली की मान जाते. मान जाते ती स्वस्त मालासारखं नव्वदचं टेट्रा पाकीट आणल्यावर. आणि बारमध्ये तीस मिलीचा उंच ग्लास असा दर लावून ठेवा की तो बिअरच्या शेजारी बसेल.

कॅन्टीनबद्दलही विचारणा होते. मूळ ब्रँड कॅन्टीनला जात असेल तर जाऊ द्या, तो त्या माणसांचा हक्काचा माल आहे. पण नव्यानं आणलेला वरचा प्रकार तिथं पाठवू नका, नाहीतर प्रत्येक दुकानात “कॅन्टीनमध्ये एवढ्याला मिळते” हे ऐकावं लागेल.

जाहिरातीला तर बंदी. मग लोकांना कळणार कसं?

टीव्हीवर मद्याची जाहिरात केबल टीव्हीच्या नियमांनी बंद आहे. सोडा, म्युझिक सीडी, ग्लास यांच्या नावाआडून करायच्या जाहिरातींवर जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक तत्त्वं काढून बोट ठेवलं. ज्याचा सोडा खरोखर दुकानादुकानांत विकला जातो त्याची गोष्ट वेगळी. नावापुरता सोडा काढून फलक लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

माझ्या अनुभवात या भागात सर्वांत मोठं माध्यम म्हणजे बारचा कॅप्टन. कंपन्या छपाईवर, स्टँडवर, टी-शर्टवर पैसे घालतात आणि जो माणूस रोज संध्याकाळी कित्येक टेबलांशी बोलतो त्याला मालाबद्दल एक वाक्यही सांगत नाहीत. त्याला दुपारी, गिऱ्हाईक नसताना बसवा. तुमचा माल, स्कीमवाला माल आणि एखादा परदेशी माल असे तीन ग्लास वास घेऊन, जिभेला लावून ओळखायला शिकवा. तो न पिणारा असेल तर वासावरच थांबा. मराठीत किंवा कन्नडमध्ये, त्याला सोपं असेल त्या भाषेत दोन वाक्यं द्या, जी तो लाजल्याशिवाय म्हणू शकेल. नाव घेतलं म्हणून त्याला पैसे देण्याच्या नादी लागू नका, पुढच्या महिन्यात दुसरा कुणीतरी जास्त देतो.

दुसरं माध्यम मेन्यूकार्ड. तुमचं नाव दरांच्या रांगेत चौदावं असेल तर कुणी वाचत नाही. ‘उंच ग्लास’ असा वेगळा चौकोन करून घ्या, त्यात तीनच पेयं.

इन्स्टाग्रामवरचे इन्फ्लुएन्सर घ्यावेत का?

जपून. २५ पेक्षा लहान दिसणारा चेहरा नको, पैसे दिले असतील तर तसं स्पष्ट लिहायला हवं, आणि पानावर वयाची अट लावलेली हवी. ज्यांचे बरेचसे फॉलोअर शाळकरी आहेत अशा कॉमेडी रील्सवाल्यांना हात लावू नका, ते कितीही गाजलेले असोत.

मराठीत बोलावं की कन्नडमध्ये?

दोन्हीत. टिळकवाडीतल्या एकाच टेबलावर एक जण मराठीत मागवतो, दुसरा कन्नडमध्ये, आणि क्रिकेटवरचं भांडण हिंदीत होतं. फलकांना २०२४ पासून ६० टक्के कन्नडचा कायदा आहे, तो पाळायचाच. मेन्यू आणि कॅप्टनची वाक्यं मात्र ऐकणाऱ्याच्या भाषेत असावीत, आणि मराठी असेल तर ती इथली असावी, पुण्या-मुंबईच्या जाहिरातीतून उचललेली नको. सीमाप्रश्न, भगवा, गडकिल्ले, महाराजांचं नाव यातलं काहीही बाटलीच्या आसपास आणू नका. लोकांनी ज्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या सोसलंय, ते दारू विकायला वापरणं मला सहन होत नाही.

गणेशोत्सव मंडळ, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, कबड्डीच्या स्पर्धा, कॉलेजचं गॅदरिंग इथं नाव दिलं तर?

नाही. तिथं दहा वर्षांची पोरं असतात, घरच्या बायका असतात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा २१-२२ चा असेलही, पण त्याच आवारात १७-१८ ची पहिल्या वर्षाची मुलं असतात. मंडळाचे कार्यकर्ते स्वतः पैसे मागायला आले तरी नको म्हणा. पाण्याच्या बाटलीवर नाव छापून, किंवा टी-शर्टवर लहानसं चिन्ह टाकून, असली आडवाटही नको.

मुलींसाठी वेगळी, गुलाबी बाटली काढावी का?

नको. ज्या बायका घेतात त्यांना चांगला माल, स्वच्छ जागा आणि कुणी टक लावून न बघणारा वेटर हवा असतो. बारवाल्यानं कुटुंबांसाठीच्या भागात प्रकाश वाढवला आणि स्वच्छतागृह धड केलं तर त्याचा उपयोग कुठल्याही रंगापेक्षा जास्त होतो.

‘क्राफ्ट’, ‘हेरिटेज’ असं लिहिलं की तरुण घेतात का?

एकदा घेतात. मग प्रश्न विचारतात. आणि आपल्या भागातल्या पोरांना फसवणं अवघड आहे, कारण मळी म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नाही. अथणी, कागवाड, रायबाग, चिकोडी हा सगळा उसाचा पट्टा. उगारसारख्या ठिकाणी साखर आणि मद्य एकाच आवारात बनताना लोकांनी पाहिलंय. तुमची रम मळीपासून बनली असेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही. व्हिस्कीत मळीचं स्पिरिट असेल तर तेही लपवू नका.

खरी गोष्ट किती लांब जाते याचा दाखला कर्नाटकातच आहे. बंगळुरच्या अमृत डिस्टिलरीनं २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट व्हिस्की थेट ग्लासगोत, स्कॉचच्या घरात नेऊन मांडली. इथल्या उष्ण हवेत पिंपातलं मद्य दरवर्षी स्कॉटलंडपेक्षा कितीतरी जास्त उडून जातं आणि लवकर मुरतं, हे त्यांनी दोष म्हणून झाकलं नाही, तीच ओळख केली. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं. काजू, भट्टी, हंगाम, सगळं आधीपासून होतंच. सांगायला लोक उभे राहिले.

‘गोवा ट्रिप’ ही कल्पना घेऊन मोहीम काढली तर? पोरं दर शनिवारी जातातच.

म्हणूनच नको. चोर्ल्याचा घाट, धुकं, वळणं, दुचाक्या. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. या रस्त्यावरून कुणाच्या घरी काय बातम्या जातात ते आपण सगळे जाणतो. बाटली आणि गाडी एका चित्रात कधीच आणू नका, उभी गाडीसुद्धा नको. शिवाय गोव्यात विक्रीसाठी असलेला माल परवान्याशिवाय इकडं आणणं हा गुन्हा आहे. कणकुंबीच्या नाक्यावर पकडलं की धंदाही जातो आणि नावही.

तरुणांना दारूकडं ओढणं योग्य आहे का?

जो पीत नाही त्याला ओढणं योग्य नाही, आणि असं काम मी घेत नाही. आरोग्यासाठी मद्याची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. आपल्या खेड्यांतल्या बायकांनी सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, काय करते ते पाहिलंय. कर्नाटकात १ जुलै २००७ ला ती बंद झाली तेव्हा किती घरांनी सुटकेचा श्वास टाकला ते विसरायला नको. मी ज्याच्याशी बोलतो तो आधीच पिणारा, कमावता, प्रौढ माणूस आहे. तो स्वस्त आणि जास्त घेण्याऐवजी चांगलं आणि कमी घेईल का, एवढ्यापुरतंच माझं काम. जो विक्रेता त्या तीस मिलीच्या ग्लासावर “आणखी दोन घे, तिसरा फुकट” अशी स्कीम लावतो, त्यानं सगळंच पाण्यात घातलं.

फरक पडला हे कधी आणि कशावरून कळतं?

पहिल्या महिन्यांत खप वाढला तर हुरळून जाऊ नका, तो नवलाईचा असतो. तीन गोष्टी पाहा. १८० घेणारं गिऱ्हाईक काही महिन्यांनी ३७५ किंवा ७५० कडं सरकतंय का. स्कीम बंद असताना दुकानदार डेपोकडं पुन्हा मागणी नोंदवतोय का. आणि बारमधला उंच ग्लास शनिवार सोडून बुधवारीही जातोय का. या तिन्हीला निदान दोन अबकारी वर्षं द्यावी लागतात.

लेबल थोडं बदलायचं ठरलंच आहे. कधी बदलावं?

कर्नाटकाचं अबकारी वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, त्यामुळं नवं लेबल जुलैच्या नोंदणीबरोबर आणा. नक्की झालेली रचना फेब्रुवारीतच अबकारी कामाच्या माणसाच्या हातात द्या. त्यात आरोग्याचा इशारा ठरलेल्या आकारात आहे ना, ते आधी तपासा. डेपोत आणि दुकानात पडलेला जुन्या लेबलाचा माल मार्चपासून मोजायला लागा आणि तो संपेल एवढंच उत्पादन करा. गोवा आणि महाराष्ट्रातही माल जात असेल तर तिथली नोंदणी वेगळी आणि वर्षही वेगळं. तेव्हा काही महिने दोन लेबलं बाजारात एकत्र दिसतील, हे सेल्समनला आधीच सांगून ठेवा, म्हणजे निपाणीच्या दुकानात “ही डुप्लिकेट तर नाही ना?” असं कुणी विचारलं की तो अडखळणार नाही.